आठ दिवसांनी दाखवायला या

आमच्या ह्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. ही तक्रार नाही. तेवीस वर्षांच्या संसारात तक्रारीचे ह्याहून मोठे विषय माझ्याकडे पडून आहेत. पण पुढचं सगळं रामायण ह्या एका खोडीतून घडलं, म्हणून आधीच सांगून टाकते. हे चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसतात, आमच्या लग्नाच्या आधीपासून. माणूस समोर आला की ह्यांना पहिल्यांदा दिसतो चष्मा, मग नाक, मग कान. एवढं बघून झालं की ह्यांच्या लेखी माणूस बघून संपला. माझा सख्खा भाऊ एकदा नवीन फ्रेम घालून आमच्याकडे आला, तर ह्यांनी दारातच त्याला विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" मला स्वतःला चष्मा नाही. मग हे मला कशावरून ओळखतात, ते मी मुद्दामच विचारलेलं नाही.

दुसरी खोड ह्याच्याही वरताण. कोणाच्याही नाकावर वाकडा बसलेला चष्मा ह्यांना बघवत नाही. हात आपोआप पुढे जातो. एकदा ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टर वाकून छातीला नळी लावून ऐकतायत, आणि ह्यांनी पडल्या पडल्या दोन्ही हात वर करून डॉक्टरांचा चष्मा सरळ केला. वर म्हणाले, "आठ दिवसांनी दाखवायला या." हे वाक्य ह्यांच्या जिभेवर कायमचं चिकटलेलं आहे. चष्मा नवा असो की जुना, नुसता स्क्रू आवळलेला असो, माणूस दुकानातून निघाला की हे म्हणणारच. फ्रेम आठ दिवस वापरल्यावर कुठे टोचते ते कळतं, असं ह्यांचं म्हणणं.

दुकान म्हणजे चिंचोळी पट्टी. दोन्ही बाजूंना काचेच्या फळ्या, मधे काउंटर, काउंटरवर आरसा, गिऱ्हाइकासाठी गोल स्टूल आणि पलीकडे ह्यांची खुर्ची. खुर्चीच्या उजव्या हाताला खण, त्यात मुगाच्या दाण्याहून बारीक स्क्रू. गिऱ्हाईक चष्मा घालतं, आरशात बघतं, मग मान वळवून रस्त्यावरची पाटी वाचतं आणि म्हणतं, "अरेच्चा!" त्या एका अरेच्च्यासाठी आमचे हे जगतात. घरी आले की बूट काढायच्या आधी सांगतात, आज चार अरेच्चे झाले.

तर ती खुर्ची जायची वेळ आली.

झालं असं की बाजारात भरदिवसा दोन दुकानं लुटली गेली, आधी चपलांचं, मग औषधांचं. आमचे मालक व्यापारी संघाच्या भाषणाला जाऊन आले आणि येताना एक कागद घेऊन आले. 'लुटारू आल्यास' असं वर ठळक अक्षरांत, खाली सहा नियम. ओरडू नका. वाद घालू नका. मागेल ते द्या. लुटारूचा चेहरा नीट लक्षात ठेवा. तो गेल्यावर पाठलाग करू नका. ताबडतोब पोलिसांना कळवा. मालकांनी तो ह्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर चिकटवला आणि ह्यांना म्हणाले, "तुमच्यासारख्या मऊ माणसाला पुढे बसवून मी झोपायचं कसं? महिनाभर बघतो. जमलं तर ठीक. नाहीतर माझा मेव्हणा पुढे बसेल आणि तुम्ही मागे गोदामात जा. पगारात फरक नाही."

मेव्हण्याला सगळे पैलवान म्हणतात. दंड असे की शर्टाची बाही उसवलेलीच असते. आणि गोदाम म्हणजे मागची बिनखिडकीची खोली, जिथे डबे मोजायचे आणि कपाटात लावायचे. तिथे नाक नाही, कान नाही, अरेच्चा नाही. पगार तोच असला तरी हे घरी आले तेव्हा चेहरा असा की मला वाटलं दुकान जळालं. जेवताना एकच वाक्य बोलले, "डब्यांना काय सांगू, आठ दिवसांनी या?" मला हसू आलं आणि ते लपवायला मी ह्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

म्हणून मी ठरवलं, तालीम करायची. रविवारी सकाळी ह्यांना जेवणाच्या टेबलामागे बसवलं, समोर हातआरसा ठेवला. लुटारू म्हणून सासूबाई. वय शहात्तर, गुडघे गेलेले, पण उत्साह बघावा! माझी ओढणी नाकातोंडाभोवती गुंडाळली, हातात लाटणं घेतलं आणि स्वयंपाकघरातून अशा काही आल्या की मीच दचकले.

"हात वर! हलशील तर खबरदार! आणि तू गं, बांगड्या काढ!"

"अहो आई, मी कुठे आहे ह्याच्यात? मी प्रेक्षक आहे."

"काढ म्हणते ना!"

मी काढून दिल्या. त्या बांगड्या अजून सासूबाईंकडेच आहेत. तालमीतल्या वस्तू परत द्यायच्या असतात असं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणतात.

ह्यांनी हात वर केले. ओरडले नाहीत, वाद घातला नाही, मागितलेलं साखरेचं भांडं मुकाट्याने दिलं. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाई आत गेल्या आणि मी चौथ्या नियमाची परीक्षा घेतली.

"सांगा, लुटारू कसा होता? उंची?"

"बेताची."

"वय?"

"आता वयाचं असं नक्की..."

"अहो, आई आहे तुमची!"

"हो गं, पण तिची डावी काडी सैल झालीय. तू पाहिलंस का, चष्मा पार गालावर आलाय."

दुसऱ्या खेपेला तर कहर झाला. सासूबाई लाटणं उगारून उभ्या आणि ह्यांचे वर केलेले हात हळूहळू खाली आले, थेट त्यांच्या कानांकडे. सासूबाईंनी बोटांवर लाटणं हाणलं. "मेल्या, लुटारूच्या तोंडाला हात लावतोस?" मी कपाळावर हात मारून घेतला. एका रविवारी अशा नऊ लुटी झाल्या आणि नऊच्या नऊ वेळा सासूबाईंचा चष्मा सरळ झाला.

मंगळवारी दुपारी सव्वादोनला खरा आला.

पुढचं मला दोन ठिकाणांहून कळलं. मालकांनी दुकानात कॅमेरा लावलाय, पण तो गिऱ्हाइकांवर नाही, नोकरांवर रोखलेला. त्यामुळे चित्रात ह्यांचं टक्कल सुरेख दिसतं आणि समोरच्याची नुसती पाठ. चित्राला आवाज नाही. आवाज ह्यांनी घरी येऊन भरला.

चित्रात एक पाठ आत येते. तोंडावर रुमाल, त्याच्या गाठी कानामागे. हातात भाजी चिरायची सुरी. ह्यांचे हात वर. इथपर्यंत सासूबाईंचा शिष्य शोभत होता.

"सगळं सोनं काढ!" तो म्हणाला.

आता दुसरा नियम आहे, वाद घालू नका. पण ह्यांना चुकीची माहिती खपत नाही. हे म्हणाले, "सोनं शेजारी. सराफाचं दुकान पलीकडचं. आणि ते आत्ता बंद आहे, चारला उघडेल."

"मग हे काय आहे?"

"चष्म्याचं दुकान."

तो थबकला. खात्री करायला काचेच्या फळीवर वाकला आणि त्याचा स्वतःचा चष्मा घसरून रुमालावर आला. तिथेच सगळं बिघडलं. किंवा सुधारलं, अजून माझं ठरत नाही. कारण तो चष्मा, ह्यांच्या शब्दांत, बघवत नव्हता. डाव्या काडीचा स्क्रू गेलेला, तिथे शिवायचा दोरा बांधलेला. श्वासाने काचा धुकटलेल्या. एक काच भुवईवर, दुसरी गालावर. बिचारा अंदाजाने लुटायला आला होता.

चित्रात ह्यांचे हात खाली येताना दिसतात. मला ते बघताना बोटांवर लाटणं बसल्यासारखं झालं. ह्यांनी पुढे होऊन त्याच्या नाकावरचा चष्मा अलगद काढला.

"अहो! अहो, द्या इकडे! मला काही दिसत नाही!"

"नंबर किती?"

"मायनस आठ."

"शेवटचा कधी तपासला?"

"झाली पाच-सहा वर्षं."

"बसा."

आणि तो बसला! चाचपडत स्टूल शोधलं, सुरी काउंटरवर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसला. ह्यांनी दोरा कापला. तपकिरी स्क्रू संपले होते म्हणून काळा बसवला, त्याची ह्यांना अजून चुटपुट आहे. फ्रेम हीटरवर मऊ करून काड्या वाकवल्या, काचा धुऊन पुसल्या. डोळ्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं, ते उगाच, सवयीने. मग म्हणाले, "हा रुमाल सोडा. गाठी मधे आल्या तर काडी कानामागे बसायची नाही." त्याने रुमाल सोडला. कॅमेऱ्यात अर्थातच पाठ.

चष्मा घातला. आरशात पाहिलं. मग मान वळवून रस्त्यावरची पाटी वाचली आणि म्हणाला, "अरेच्चा!"

मग बहुधा त्याला बाकीचंही दिसलं. समोर पेचकस धरून बसलेला टकलू माणूस, त्याच्या डोक्यावर लुटारूंचे सहा नियम, आरशात आपण. तो उठला, संकोचून म्हणाला, "किती झाले?"

"फिटिंगचे आम्ही घेत नाही. आठ दिवसांनी दाखवायला या."

तो गेला. ह्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि बघतात तर काउंटरवर सुरी. गिऱ्हाइकं छत्र्या विसरतात, पिशव्या विसरतात, हे नेहमी मागे धावून देतात. पाय आपोआप निघाले. हे सुरी घेऊन रस्त्यात, ओरडतायत, "अहो, थांबा! थांबा म्हणतो ना!" तो पुढे, हे मागे. कोपऱ्यावर गाठून सुरी त्याच्या हातात दिली. तो "आभारी आहे" म्हणाला म्हणे.

पण समोरच्या शिंप्याने पाहिलं ते एवढंच, की तोंडावरचा रुमाल हातात धरून एक माणूस पळतोय आणि चष्मेवाले काका नंगी सुरी घेऊन त्याच्या मागे लागलेत. पाच मिनिटांत बाजारभर झालं. निरोप मिळताच मी पोचले तेव्हा ह्यांच्याभोवती ही गर्दी. मालकांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. पैलवान हात जोडून उभा. "मानलं काका," म्हणाला, "मी नसतो धावलो." मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "खुर्ची तुमचीच. आता विषय संपला." मी डोळे पुसले. खरंच पुसले. ह्या माणसाचा मला इतका अभिमान मुलीच्या लग्नातसुद्धा वाटला नव्हता.

तेवढ्यात हवालदार वही घेऊन आले. "म्हणजे तुम्ही त्याची सुरी हिसकावलीत आणि त्याला पळवून लावलंत?"

हे गप्प राहिले असते तरी चाललं असतं. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मी मागून कोपराने ढोसलं.

"नाही हो," हे म्हणाले, "सुरी त्यांची राहिली होती. परत द्यायला गेलो होतो."

पैलवानाने जोडलेले हात सोडले. मग हवालदारांनी वर्णन विचारलं आणि हे अगदी मनापासून सांगायला लागले. "डोळ्यांमधलं अंतर चौसष्ट मिलिमीटर. नाकाचं हाड किंचित डावीकडे. डावा कान उजव्यापेक्षा तसूभर वर."

"चेहरा, चेहरा कसा होता?"

"ते मात्र पाहायचं राहिलं."

हवालदारांनी पेन बंद केलं. मालकांनी कॅमेऱ्यातलं चित्र लावलं आणि पाहता पाहता लालबुंद झाले. सराफही आला होता. लुटारूला चारची वेळ दिली हे ह्यांनीच सांगून टाकलं, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, आंधळा होता तोवर मी सुरक्षित होतो!" तो किंचाळला. "तुम्ही त्याला डोळे दिलेत, पत्ता दिलात, वेळ दिलीत! आता सुरीसुद्धा दिलीत!" दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवर पैलवान बसला आणि हे गोदामात गेले.

ते आठ दिवस कठीण गेले. हे यायचे, बूट काढायचे, बसायचे, फार तर त्या काळ्या स्क्रूची हळहळ करायचे. अरेच्चे किती, हे विचारायची सोय नव्हती. सासूबाईंनी एकदा मुद्दाम चष्मा वाकडा करून घातला आणि ह्यांच्यासमोर दोन फेऱ्या मारल्या. ह्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हा मात्र मला भीती वाटली. मला ह्यांचा रागही आला होता, खूप. एक खोटं नाही बोलता आलं? पण खोटं बोलणारा नवरा मला सवयीचा नाही आणि आता ह्या वयात नवी सवय कुठे लावून घेऊ?

पुढच्या मंगळवारी मी डबा घेऊन दुकानात गेले. पैलवान खुर्चीवर, स्टुलावर एक गिऱ्हाईक. सभ्य, किडकिडीत, शर्ट इस्त्रीचा.

"डाव्या कानामागे टोचतंय," गिऱ्हाईक म्हणालं. "ते काका कुठे आहेत? त्यांनी आठ दिवसांनी दाखवायला सांगितलं होतं."

"मी बघतो की," पैलवानाने चष्मा घेतला आणि आपल्या केळ्याएवढ्या बोटांनी काडी दाबली.

कट्!

तो आवाज बारीकसाच होता, पण गोदामाचं दार उघडलं आणि हे बाहेर. चेहरा कधी नव्हे तसा. "उठा," हे पैलवानाला म्हणाले. ह्यांनी कोणाला 'उठा' म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. पैलवान उठला. हे खुर्चीवर बसले, चष्मा हातात घेऊन फिरवला आणि थांबले. मीही पाहिलं. तपकिरी फ्रेम आणि डाव्या बाजूला काळा स्क्रू. आठ दिवस त्या काळ्या स्क्रूबद्दल ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

मी वाकून कुजबुजले, "अहो, हा तोच ना?"

"हो. स्क्रू माझाच आहे."

"मग?"

"मग काय? टोचतंय त्यांना."

मी पैलवानाच्या कानात सांगितलं, दारात उभा राहा, हा लुटारू आहे. तो दारात गेला नाही, माझ्या मागे येऊन उभा राहिला. मग मीच बाहेर जाऊन सराफाला सांगितलं. पोलिसांचा नंबर त्याला आठ दिवसांत पाठ झाला होता.

परत आले तेव्हा ह्यांनी काडी तापवून जोडली होती, कानामागचा बाकही नीट केला होता. लुटारू डोळे किलकिले करून बसलेला. "झालं का काका?"

आता तरी 'थोडं राहिलंय' म्हणावं की नाही? हे म्हणाले, "झालंय. पण पोलीस येईपर्यंत मी चष्मा देणार नाही."

आणि चष्मा उजव्या हाताच्या खणात ठेवला. लुटारूने जरा विचार केला. "मग मी असाच जाऊ?"

"जा की. पण बाहेर तीन पायऱ्या आहेत आणि पुढे भर रस्ता आहे. मायनस आठला मी नसतो गेलो."

तो बसून राहिला. मी काय करणार, डब्यासोबत आणलेलं पाणी त्याला दिलं. प्यायला. म्हणाला, चपलांच्या दुकानातून सगळ्या चपला डाव्या पायाच्याच नेल्या होत्या, ते घरी गेल्यावर कळलं. औषधांच्या दुकानातून नेलेलं तर काय आहे ते अजून वाचता आलं नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना.

हवालदार आले. ह्यांनी काचा पुसल्या आणि चष्मा त्याच्या नाकावर नीट बसवला.

"टोचतंय?"

"नाही."

"नीट दिसतंय?"

"दिसतंय."

"समोर हवालदार आहेत."

"तेही दिसतायत," तो म्हणाला आणि निमूट उठला. दारात थांबून त्याने शेजारची पाटी वाचली. "अरेच्चा! सराफाचं दुकान हे होय!" सराफाने धाडकन शटर ओढलं, आतून.

मालक धावत आले तेव्हा पैलवान माझ्या मागून बाहेर पडला. "भावोजी, मला गोदामच द्या. त्या खुर्चीसमोर लुटारू येऊन बसतात." मालकांनी खुर्चीकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. माफी वगैरे त्यांच्या स्वभावात नाही. म्हणाले, "उद्यापासून पुढे बसा. पण कागद भिंतीवरच राहील." हे बसलेलेच होते, त्यामुळे वेगळं काही करायची गरज पडली नाही. घरी आल्यावर बूट काढायच्या आधी म्हणाले, "आज एकच झाला. पण तो शेजारच्या पाटीचा." सासूबाईंनी चष्मा वाकडा केला आणि पुढ्यात येऊन बसल्या.

पुढच्या मंगळवारी सकाळी हे शर्टाच्या खिशात बारका पेचकस घालून दारात उभे. म्हटलं, "दुकान तर दहाला उघडतं."

"आधी तुरुंगात जाऊन येतो. हवालदारांना विचारलंय. जोडलेली काडी आहे, आठ दिवसांनी बघायला हवी. त्यांना येता यायचं नाही, मग मलाच जायला हवं."

"अहो, पण तिथे एवढी माणसं. तुम्हाला कोणाचा चेहरा लक्षात राहत नाही. त्याला ओळखणार कसे?"

"मी कशाला ओळखू?" हे म्हणाले. "तो ओळखेल मला. आता त्याला दिसतं."

मी दार लावून घेतलं आणि डोळे पुसले. ह्या खेपेला पुसून झाल्यावरही बराच वेळ नीट दिसत नव्हतं.